आठवा माणूस

वाळूवर होडी ओढायला
बारा-तेरा जण लागतात दोराला.
डॉक्टर थियावबाईंनी डाकारच्या दवाखान्यात
माझ्या बसच्या तिकिटामागे तेच चित्र काढलं.
रक्त गोठतं ते असंच, म्हणाल्या,
पहिल्याने दुसऱ्याला हाक द्यायची, त्याने पुढच्याला,
शेवटी जखमेच्या तोंडावर जाळं विणलं जातं.
तुझ्या बिरानच्या रांगेत आठवा नाही.
नववा ओरडतो,
दहाव्याला ऐकूच जात नाही.

माझा भाऊ मालिक सुंतेनंतर गेला.
तीन दिवस झिरपत होता.
म्हाताऱ्यांनी वस्ताऱ्याला दोष दिला, मग धरणाऱ्या हाताला,
मग कुणाच्या तरी नजरेला.
आई गप्प. तिच्याकडूनच आलं होतं ते,
तिच्याकडून मालिककडे, माझ्याकडे,
माझ्याकडून बिरानकडे.
कोणी सांगितलं नव्हतं तिला. पण नंतर
तिने कधी कोणाचं मूल मांडीवर घेतलं नाही.

मी मोजायला शिकले.
गुडघा फुगला की माशांच्या पेटीतला बर्फ,
आणि मोजणं.
दुधाचा दात पडला तेव्हा
पहाट झाली मोजता मोजता.

आता पंधरा दिवसांनी एकदा
पोटाच्या कातडीखाली एवढीशी सुई.
आठवा परत आलेला नाही, तो येणारही नाही;
हा परका.
एका हाताने नवव्याला धरतो, दुसऱ्याने दहाव्याला,
आणि दोर ताणला जातो.
"म्हणजे बदलीवरचा," जाळं सांधता सांधता नवरा म्हणाला.
औषध मदतीतून येतं, वर्षाच्या बोलीवर.
पुढच्या वर्षाचं विचारलं तर
बाई खिडकीकडे पाहत राहिल्या.

काल बिरानने सार्डिन चिरताना अंगठा कापला,
चांगला खोल.
माझे हात मिठातच राहिले.
एक, दोन, तीन.
तीनशे दहाला तो म्हणाला,
"आई, थांबलं. केव्हाचं थांबलंय."
चिंधी उलगडून दाखवली.
मी मान हलवली,
आणि मासे पलटत
तीनशे अकरा म्हटलं, तीनशे बारा.
जिभेला काय सांगणार?

सातशेच्या आसपास वर पाहिलं
तर तो जागेवर नव्हता.
खाली किनाऱ्यावर कुणाची तरी होडी चढत होती,
दोराला पोरं लागली होती.
त्यांत कितवा होता
ते उन्हामुळे दिसलं नाही.