भाता

ऑर्गन बिघडलाय, असं मी पाळकसाहेबांना सांगितलं
शनिवारी, सरावाच्या आधी, व्हेस्ट्रीच्या दारात.
भाता फाटलाय म्हटलं, वारा धरत नाही.
इतकं सहज खोटं मी आधी एकदाच बोलले होते,
टिळकवाडीत बघायला आले तेव्हा,
स्वयंपाक येतो म्हणून.

एकतीस वर्षं.
सकाळी आठला मराठी, दहाला कन्नड,
संध्याकाळी कॅम्पातल्या सात म्हाताऱ्यांची इंग्रजी.
चाल तीच, ओठ वेगळे.
कन्नडवाले शेवटचा सूर ओढतात, मराठीवाले पुढे पळतात,
मधे मी, सीमेवरच्या एखाद्या वाडीसारखी:
दोन्ही नकाशांत आहे,
नळ मात्र कुणाचाच नाही.

लग्नाला पाकीट, दोनशे एक.
मातीला पाकीट नसतं, चहा असतो.
"सेवा आहे लुदियाबाई," कमिटी म्हणते,
"सेवेला रजा कुठली?"

आईच्या मातीलाही मीच वाजवलं.
दुसरं होतं कोण?
पेटी दाराबाहेर जाईपर्यंत तेच कडवं, पुन्हा, पुन्हा,
आणि ऑर्गनचं तोंड भिंतीकडे.
आई गेली
ते मी पावलांच्या आवाजावरून ओळखलं.

त्यानंतर कधीतरी गाणं थांबलं. नेमकं कधी, आठवत नाही.
बोटं जायचं तिथं जातात,
मी आत यादी करते: दूध, लाईटबिल, चौथीचे पेपर.
आमेनचे दोन स्वर.
त्यांच्या मधे सिलिंडर संपल्याचं आठवतं.

पण कमिटीनं मिरजेहून दस्तगीर चाचांना बोलावलं.
ते लाल बसनं आले, पिशवीत सरस, पटाशी, बकऱ्याचं कातडं.
मागची फळी काढली. पायटा दाबला.
सूर निघाला. स्वच्छ, बेशरम.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
मनगटाच्या पट्ट्याकडे पाहिलं.
बाहेर रंगरुटांची कवायत चाललेली, डावा, उजवा, डावा.
"किती वर्षं?"
मी सांगितलं.
चाचा बराच वेळ एकच खिळा पुसत बसले.

मग सेक्रेटरी दावणे आले. त्यांना म्हणाले,
"भाता पुराच गेलाय साहेब. मिरजेला न्यायला लागणार.
दीड महिना. कातडं घाईत वाळत नाही."
अ‍ॅडव्हान्स घेतला नाही.

रविवारी मी पाचव्या बाकावर, बायकांच्या बाजूला.
मंडळीनं गीत उचललं, तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत.
दुसऱ्या कडव्याला कशीबशी एकत्र आली,
अर्धा सूर खाली, चिखलातून बैल ओढावा तशी.
माझे कान दुखले. मग दुखायचे थांबले.

"गाईनास की गं बाई?" शेजारची मार्थाक्का कुजबुजली.
तोंड उघडलं तर शब्द नव्हते.
एकतीस वर्षं मी फक्त क्रमांक वाचला होता.
तिनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं,
ओळीवर बोट ठेवलं, हळदीचं, नख तुटलेलं,
आणि मी पहिलीतल्या पोरीसारखी
बोटामागून वाचत गेले.

बाकाखाली उजवा पाय
वारा भरत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दीड महिना अजून लांब आहे.
मिरजेचा फोन आला तर उचलायचा नाही, असं ठरवलंय.
ठरवलंय म्हणजे,
बघू.