दोराचं शेवटचं टोक

निवृत्त होऊन आलो त्या वर्षी
घराजवळच्या दोन माडांचे नारळ
हेमलताने कोवळेच उतरवून घेतले.
म्हणाली, शहाळ्यांना भाव आहे.
भाव नव्हता.
रात्री कौलांवर नारळ पडला की
मी खाटेखाली असायचो,
पोट जमिनीला, तोंडात हुकूम:
खाली राहा. कोणी हलू नका.
मुलं हलत नसत.

सुभेदार राऊळ, बारा माणसांची गस्त.
बारा नेली, अकरा आणली.
वरचे म्हणाले, कामगिरी उत्तम.
पदक कपाटात आहे, डांबरगोळ्यांच्या वासात.
झोपण्यापूर्वी मी हजेरी घेतो.
सातव्याला कोणी 'हजर' म्हणत नाही,
आणि मग आठवाही गप्प राहतो.

सातवा तळाशीलचा. लान्स नाईक बाबली मेतर.
त्याच्या बापाची रापण आहे.
चार वर्षं मी त्या किनाऱ्याला पाय लावला नाही.

परवा गेलो. का, ते माहीत नाही.
पहाटेचं पाणी कथलासारखं,
समुद्रातून आलेले दोन दोर,
आणि वाळूत टाचा रोवून मागे सरकणारी माणसं,
बायका, शाळा बुडवलेली दोन पोरं.
म्हातारा तांडेल कमरेएवढ्या पाण्यात.
ओरडत नव्हता. नुसता हात वर करी
आणि चाळीस पाठी एकदम मागे कलत.
असा हुकूम मला कधी देता आला नाही.

त्याने मला पाहिलं. ओळखलं.
'कसा गेला' याचं उत्तर
मी चार वर्षं इस्त्री करून ठेवलं होतं.
त्याने विचारलं नाही.
दोराच्या शेवटच्या टोकाकडे बोट केलं,
जिथे नवशिक्याला उभं करतात.

ओल्या दोराने तळहात सोलले.
सवयीने ओठांत आलं, एक, दोन, तीन, चार...
पुढची बाई मान न वळवता म्हणाली,
"मोजतस कित्या? वढ."

जाळं आलं. बांगडे, थोडी तारली, कुणाची तरी चप्पल.
वाळूवर वाटे पडले,
दोर धरला त्या प्रत्येकाचा एक.
माझाही. आणि त्याच्या शेजारी आणखी एक,
ज्याच्यामागे कोणी उभं नव्हतं.
"झिलाचो," म्हातारा म्हणाला. "रोज घालतंय.
आज तू व्हर."

घरी हेमलताने विचारलं, किती मिळाले?
मोजले नाहीत, म्हणालो.
तिचा हात क्षणभर विळीवरच थांबला.

त्या रात्री मांगरावर काहीतरी पडलं, धप्प.
मी उठून बसलो, हे खरं.
पण खाटेवरच.
तळहात मिठाने चुणचुणत होते.