पुढची माहिती तीन चाळीसला

आग डोंगरापलीकडे होती तोवर
पालिकेच्या पानावर चेस्टनटच्या जत्रेची जाहिरात होती.
मीच टाकलेली. एरवी माझं काम एवढंच:
पाणी कधी जाणार, कचऱ्याची गाडी कधी येणार,
लायब्ररी कोणत्या सोमवारी बंद.

या कामाला आम्ही दोघं. खरं तर दीड.
तेल्मो शिकाऊ आहे, सप्टेंबरात कोइंब्राला जायचंय त्याला.
रात्री अकराला त्याला म्हटलं, फोन तू घे,
बंबवाले सांगतील ते कागदावर उतरव, वेळ घाल,
कागद माझ्या हातात दे.
तोंडी काही सांगू नकोस.

फ्रेइशाल रिकामं करा. बस चर्चपाशी उभी आहे.
मोइटालचा रस्ता बंद.
मोइटालचा रस्ता बंद.
तिसऱ्यांदा टाकलं तरी कुणीतरी म्हणतच होतं,
उघडा आहे, मी आत्ताच आलो.
लिस्बनच्या बातम्यांत आमचं नाव यायच्या आधी
जळत्या पुलाचा एक फोटो फिरून आला,
पूल ग्रीसमधला, तीन उन्हाळ्यांपूर्वीचा.
आमच्या पुलाला कमानी आहेत.

आणि दर दहा मिनिटांनी आदेलिनो:
"रिबेइराच्या उतारावर माझ्या मधाच्या पेट्या. तिथे काय?"

दोन वाजता कागद आला नाही.
तेल्मो नुसताच फोन कानाला लावून उभा.
टॉवर गेला असावा.
मी लिहिलं: आत्ता आम्हाला काही माहीत नाही.
पुढची माहिती तीन चाळीसला.
खोडलं. परत तेच लिहिलं. टाकलं.
नगराध्यक्षांनी असलं वाक्य जाऊ दिलं नसतं,
पण ते टँकरवर होते.

मग कपाळ टेबलाला टेकलं, तेवढंच.
अकरा मिनिटं.

उठले तर आदेलिनो लोकांना उत्तरं देत होता:
"बाई म्हणाल्यात तीन चाळीस. थांबा."
"हा पूल आपला नव्हे. कमानी मोजा."
"फ्रेइशालची बस गेली, मी दिवे पाहिले."
बसचं खरं का, ते मी ड्रायव्हरच्या बायकोला विचारलं.
खरं होतं.

तीन चाळीसला माहिती टाकली.
रिबेइराचा उतार त्यात होता.
त्यावर आदेलिनोने काहीच लिहिलं नाही.

आणि सकाळी सातला, आपोआप,
आठवड्यापूर्वी मीच वेळ लावून ठेवलेलं वर आलं:
सुप्रभात! या, आमच्या हिरव्या टेकड्यांवर फिरायला!
फोटोसकट.
खुर्ची पाडत धावले.
तोवर खाली त्याचं आलं होतं:

"एवढ्यात काढू नका.
डावीकडे, ओकच्या झाडाखाली,
निळ्या दिसतात त्या माझ्या."

मी काढलं. काढावंच लागतं.
तेल्मोला म्हटलं, हा फोटो छाप,
मोठा,
रंगीत शाई उरली असेल तर.