पायात शिरलेली बोट

भिशी फुटली तवा सगळ्या म्हणाल्या, यंदा सोनं नको.
अकराजणी आम्ही, शुक्रवार पेठेतल्या,
मुंबईच्या धक्क्यावरनं बोटीनं गोवा, आणि परत. तीन रात्री.
गोव्याला तर आजऱ्यावरनं येष्टी जाती, मी म्हणालो,
त्याला समुद्र कशाला?

जेवणाची पंगत दुसरी, साडेआठची. टेबल एकशे चौदा.
कुणीतरी मागनं माझी खुर्ची ओढली.
आमच्यात खुर्ची ओढली की माणूस पडतो
आणि बाकीचे हसत्यात.
हितं ती परत आली, गुडघ्यामागं, अल्लाद.
मग परक्या पोरानं मांडीवर पांढरं कापड पसरलं.
सव्वीस वर्सं खानावळ चालवतो मी.
माझ्या मांडीवर आजवर एक तर रडतं पोर
न्हाईतर तांदूळ निवडायचं सूप.
हितं सूप आलं ते वाटीतनं, बिटाचं, गुलाबी.

पोराच्या छातीवर नाव होतं, आर्नेल.
खाली देश, फिलिपिन्स.
एका हातावर तीन ताटं, दुसऱ्यात एक,
बोट डुलायची आणि त्याच्या गुडघ्यात कमानी असल्यागत
सगळं डुलणं तिथंच जिरायचं.
कडंला थरथरायचा रस्सा,
काठ वलांडायचा न्हाई.
मी जेवणाकडं बघतच नव्हतो.
शशिकला म्हणाली, वैनी, जेवा की, पैसं भरल्यात.

सरोजिनीच्या ताटातला पाव संपला
आणि मी उठलोच आणायला.
आर्नेल आडवा आला, हात जोडून,
आणि त्यानं पटकन लांब उभ्या कोटवाल्याकडं बघितलं.
मी बसलो.
ती नजर वळखीची होती.
आमचा सिद्राम बघतो तसा,
ताट पडलं की,
माझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी काय खाल्लं, आठवत न्हाई.

शेवटच्या रात्री त्यानं विचारलं,
तिकडं काय करता?
माझं इंग्रजी मेनूकार्डापुरतं.
मी हाताचा डाव केला,
हवेतल्या बादलीत बुडवला,
हवेतल्या ताटात वतला, पुढच्या, पुढच्या, त्याच्या पुढच्या.
त्याला कळलं. हसला न्हाई.
बाही वर करून मनगटावरचा भाजल्याला डाग दाखवला.
मी माझा दाखवला.
त्याचा लांबट, माझा गोल.
शशिकलेची पोरगी मधी पडली, तिनं सांगितलं,
आठ म्हैने घरी गेला न्हाई त्यो,
आणि गेला की जमिनीवर झोप लागत न्हाई.

बक्षिसाच्या पाकिटात किती घालायचं
ह्यावर अकराजणींची तासभर बैठक.
मी वर खरड्याची पुडी दिली.
कोटवाल्याची पाठ फिरल्यावर
त्यानं ती खिशात दाबली.

बुधवार. साडेबारा.
उद्यमनगरची मंडळी आली, फौंड्रीतनं,
हात धुतल्याले तरी नखांत काळी माती.
पांढऱ्याची बादली उचलली
आणि फरशी हलली.
पायाला बोटं असत्यात सगळ्यांच्याच,
माझ्या पायात बोट शिरल्याली.
सव्वीस वर्सांत पयल्यांदा सांडलं,
पिराजी सुताराच्या मांडीवर.
चालतंय वैनी, त्यो म्हणाला, सायबानं कुठं बघितलंय.

सिद्राम फडकं घेऊन पळत आला.
डोळं तसंच.
सांडलं मी, भ्यालं ते.

साडेतीनला गिऱ्हाईक संपल्यावर
मी रिकाम्या टेबलाशी गेलो, एक ताट वाढलं,
म्हणालो, सिद्राम, बस.
उभाच.
बस म्हणतोय न्हवं.
मग मी मागनं खुर्ची ओढली, अल्लाद,
आर्नेल ओढायचा तशी.
पोरानं दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं
आणि डोळं मिटलं.