कुलूप, नपुंसकलिंगी

चावी आत राहिली आणि दार ओढलं गेलं,
माझगावात, तिसऱ्या मजल्यावर,
हातात अर्धा किलो ओले बोंबील.
शेजारच्या मिस्किटाबाईंनी कासम तुंगेकरांना बोलावलं.
ते आले, गुडघे मोडून बसले,
तार डोळ्याशी धरून वाकवली.

मला गप्प बसवत नाही.
एकवीस वर्षं कोशाच्या कचेरीत चिठ्ठ्या लावल्यात.
म्हटलं, मेस्त्री, गंमत ऐका,
तुमची चावी पोर्तुगीज. बिजागरीही तिकडचीच.
आणि तुम्हाला मेस्त्री म्हणतात ना, तोही शब्द
त्याच गलबतातला.
कुलूप मात्र अरबी, मूळचं कुफ्ल.
इथवर येईतो फ आणि ल यांनी
आपसात खोल्या बदलल्या, पागडी न देता,
आणि फ चा प झाला. हवा मानवली असावी.
उंबरठा उंबराच्या लाकडाचा.
लाकूड गेलं, कडप्पा आला,
उंबर हलला नाही.
दार तेवढं घरचं,
पण त्याचंही एक चुलत भावंड
इंग्रजांच्या घराला लागलेलं,
म्हणजे बघा, एवढ्या अडीच फुटांत

"बाय, जरा गप.
अजून हुंकारा देईना."

कोण?

"कुलूप.
तार फिरवत बसायचं, गोष्ट सांगितल्यागत.
आत खीळ ऐकत असते.
पटलं की हुंकारा देते, इतकासा.
कानाला नाय, बोटाला कळतो.
बाप म्हणायचा माझा. आणखी कोण म्हणत असेल तर ठाव नाय."

हुंकारा मीच लावला होता.
ह ची पेटी, मागून तिसरा कप्पा:
गोष्ट ऐकताना ऐकणाऱ्याने दिलेला 'हुं'.
अर्थ एकच. खाली रेघ ओढून
घरी गेले होते त्या दिवशी वेळेवर.

खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर.
पिशवी ठिबकत होती माझ्या चपलेवर.
त्यांचं बोट थांबलं.

मला काहीच ऐकू आलं नाही.
दार उघडलं.

दीडशे घेतले. बोंबील देऊ केले तर
नको म्हणाले, घरी काल तेच होते.

हात न धुताच
लाइटबिलाच्या पाठीवर लिहिलं:
हुंकारा, पुल्लिंगी, अर्थ दुसरा.
आधार: का. तुंगेकर, तोंडी.
उदाहरण: अजून हुंकारा देईना.

कचेरी बंद होऊन चार वर्षं झाली.
चिठ्ठी चावीच्या खिळ्याला टोचून ठेवलीय.
वास येतो तिला.