बादलीतली जमीन

दिग्रजहून बाबगोंडाकाकांनी पोतं पाठवलं,
नदीकाठची काळी माती.
"हात लावून बघ, लोणी हाय," फोनवर म्हणाले.
खरंच लोणी होतं.
विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर,
रंगाच्या रिकाम्या बादलीत
पंधरा दिवसांत त्या लोण्याची वीट झाली.
पाणी घातलं की वर तुंबायचं,
नाही घातलं की कडेनं भेग.
मधे वांग्याचं रोप,
परक्या घरी चहाला थांबवल्यासारखं उभं.

मिरज रस्त्यावरचा नर्सरीवाला हसला.
"ताई, शेतात तिला पाय पसरायला जागा असते.
इथं कुठं जाईल ती?"
मग घमेल्यानं हिशेब घातला:
कोकोपीट दोन, शेणखत एक,
कारखान्याची कुजलेली मळी अर्धं,
वर मूठभर निंबोळी पेंड.
"आणि हाडांचा चुरा. टोमॅटोला लागतो."
ती पिशवी मी परत सरकवली.
आमच्यात चालत नाही, एवढंच म्हणाले.

गांडूळखत आणलं, तेही
पिठाच्या जुन्या चाळणीनं चाळलं,
चुकून आलेला एकेक जीव
बोटावर घेऊन ओल्या पाचोळ्यात सोडला.
सासूबाई दारातून बघत होत्या.
"मुळा लावत नाहीस, गाजर लावत नाहीस,
आणि संध्याकाळभर गांडुळं मोजतेस!"

श्रावणात टोमॅटो धरले.
बुडाशी काळे पडले. आधी दोन,
मग सगळेच.
शेजारच्या खैरूनभाभींनी पानाच्या डब्यातला
बोटभर चुना काढला, पाण्यात कालवला,
रात्रभर ठेवला.
"वरची निवळ तेवढी घाल.
आणि पाणी रोज, ठरल्या वेळी.
एकदा पूर, एकदा दुष्काळ,
ते आपल्या जिल्ह्याला पुरे."

दिवाळीला काका आले.
चप्पल न काढता थेट गच्चीत,
कोपरापर्यंत हात बादलीत.
"ह्यात माती कुठाय?"
"एक मूठ आहे, काका. तुमचीच."
बराच वेळ ते भुगा बोटांतून गाळत राहिले.
"हलकी हाय," म्हणाले.
स्तुती होती की तक्रार, कळलं नाही.
दिवस मावळायच्या आत जेवायचं होतं,
चार टोमॅटो तोडून मी आत गेले.

पुढच्या महिन्यात एसटीनं पुन्हा पोतं आलं.
उचलायला दोन हात लावले, एकातच आलं.
आत उसाच्या पाचटाचं खत,
हातानं चुरलेलं, काडी न् काडी वेचलेलं,
आणि तळाशी, वर्तमानपत्राच्या पुडीत,
दोऱ्यानं बांधलेली
मूठभर काळी माती.