बॉडीला अर्थ नाही

अडुसष्ट सालची फियाट, सायीच्या रंगाची,
कावळा नाक्यावर तीनदा उकळली
म्हणून शामगोंडा मास्तर
दोरीनं ओढत उद्यमनगरात घेऊन आले.
"पंखा फिरत नाही," म्हणाले
आणि बॉनेट असं हळू उचललं
जसं आजाऱ्याच्या अंगावरचं पांघरूण काढावं.

मूळचा पंखा पट्ट्यावरचा. तो कुणीतरी काढलेला.
त्याच्या जागी मारुतीचा, इलेक्ट्रिकचा,
चार बोल्टांवर पाहुण्यासारखा टेकलेला.

फ्यूज काढून उजेडात धरला. धड होता.
रेडिएटरच्या स्विचच्या दोन वायरी
एकमेकींना टेकवल्या, कान रिलेशी नेला.
टक्.
रिले बोलत होता. पंखा गप्प.
मग बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या,
तर असा सुटला की मास्तरांच्या वरच्या खिशातली
वीजबिलाची पावती उडून गटारात गेली.
म्हणजे मोटर जिवंत. करंटही येतोय.
मग घोडं अडतंय कुठं?

"आणखी एक आहे," मास्तर चाचरत म्हणाले.
"पंख्याचं बटण दाबलं
की पार्किंगचे दिवे मिणमिणतात.
मंडळी म्हणतात, गाडीला कायतरी लागलंय."

लागलं नाही, मास्तर, सुटलंय.
करंटला घरी परतायचं असतं.
सरळ वाट बंद झाली
की तो शेजाऱ्याच्या परड्यातून जातो,
आणि जाता जाता त्याचे दिवे लावतो.

काळी वायर चिमटीत धरून मागं मागं गेलो,
हेडलाइटच्या पाठीमागं, बॅटरीच्या ट्रेखाली,
जिथं सगळ्या काळ्या वायरी
एका बोल्टाखाली गोळा होतात.
बोल्ट घट्ट. लग चकचकीत.
आणि लगखाली रंग.

काय रंग होता!
ओघळ नाही, धूळ नाही,
जिथं कुणाची नजर जायची नाही त्या सांध्यातसुद्धा
तीन हात.
विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.
"शिरोलीचा गुंडू पेंटर," मास्तर खुलले,
"महिनाभर ठेवून घेतली, पण हात बघा!"

बघितला.
सांगितलं नाही, की माझा धाकटा.
की ह्याच शटरवर अजून दोन नावं आहेत
आणि त्यातलं एक त्यानंच खोडलंय,
स्वतःचं,
तेही ओघळ न येऊ देता.
नऊ वर्षं झाली. दिवाळीला फराळाचा डबा येतो,
पोराच्या हातून. रिकामा जातो, पोराच्याच हातून.
त्याचं पहिल्यापासून असंच,
उघडं काही राहू द्यायचं नाही.

"दोष काय निघाला?"
"बॉडीला अर्थ नाही," मी म्हणालो.
मास्तरांनी चष्मा काढला. तीस वर्षं मराठी शिकवलेलं.
"अहो, अर्थ म्हणजे जमीन. माती."
"तेच की," ते म्हणाले.

पॉलिश पेपरची घडी घातली.
आधी साय गेली, मग करडा प्रायमर,
मग एक जुना निळा, कुणालाच ठाऊक नसलेला.
रुपयाएवढी जागा.
एवढ्यालाच हात भरून आला.
खाली पत्रा निघाला, आजच ओतल्यासारखा.
लग बसवला, आवळला, वर ग्रीसचं बोट.
बटण दाबलं.

दिवे मिणमिणले नाहीत.
पंखा फिरला, आणि नुसता फिरतच राहिला.

मास्तर पैसे मोजता मोजता थांबले.
"पेंटरला काही सांगू?"
नखात अडकलेली साय मी काडीनं काढत होतो.
"सांगा, रंग एक नंबर.
फक्त बोल्टाखाली
रुपयाएवढी जागा सोडत जा म्हणावं."

"आणि कुणी सांगितलं म्हणाला तर?"

पंख्याचा आवाज मोठा होता.
मला ऐकू आलं नाही, असं मी केलं.